एसीचा ‘टन’ आणि हवेचा हिशेब: विलिस कॅरिअरची गोष्ट

एसी घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न खोलीच्या मापाचा येतो आणि उत्तर टनात मिळतं. एक टन, दीड टन, दोन टन. यंत्र तर दोन माणसं उचलून नेतात, मग हा टन कसला?

हा टन बर्फाचा. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता एक टनाचा एसी चोवीस तासांत खोलीबाहेर काढतो. टनही अमेरिकी, म्हणजे २,००० पौंडांचा, साधारण ९०७ किलोचा. विजेच्या मापात सांगायचं तर सुमारे साडेतीन किलोवॅट.

आता खरा प्रश्न. यंत्रावर एक टन लिहिलंय म्हणून ते खरंच तेवढं काम करतंय का, हे कसं ओळखायचं? कुणी बर्फ ठेवून तो वितळताना बघत बसत नाही. त्यासाठी दोनच गोष्टी मोजायच्या. यंत्रातून सेकंदाला किती हवा जाते आणि आत शिरताना व बाहेर पडताना तिच्या तापमानात किती फरक पडतो. दोन्हींचा गुणाकार केला, त्याला हवेची घनता आणि विशिष्ट उष्मा यांची जोड दिली की उत्तर हातात. हीटर असो की कूलिंगचं यंत्र, हिशेब तोच.

हे इतकं सोपं असेल तर एखाद्याने त्यात सगळं आयुष्य का घालवावं? कारण ते वाटतं तितकं सोपं नाही. हा गुणाकार बऱ्याचदा कमी उत्तर देतो. का देतो आणि उरलेली उष्णता जाते कुठे, याचा छडा ज्या माणसाने लावला त्याला जग एसीचा जनक म्हणून ओळखतं. त्याचं नाव विलिस हॅविलँड कॅरिअर.

सफरचंदाच्या फोडी

२६ नोव्हेंबर १८७६ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराजवळच्या अँगोला नावाच्या गावात विलिसचा जन्म झाला. शेतकऱ्याचं घर आणि तो एकुलता एक मुलगा. घरात थोर माणसं पुष्कळ, बरोबरीचं कुणी नाही, त्यामुळे खेळ मनातल्या मनात चालायचे.

शाळेत अपूर्णांक शिकवायला सुरुवात झाली आणि विलिसची गाडी अडली. काही केल्या डोक्यात शिरेना. आई एलिझाबेथ हिचे हात यंत्रांत रमणारे होते, घरातली घड्याळं आणि शिवणयंत्रं ती स्वतः दुरुस्त करायची. तिने मुलाला तळघरातून सफरचंदं आणायला लावली आणि ती कापायला घेतली. अर्धं, पाव, अष्टमांश. फोडी जोडायच्या, वजा करायच्या. अपूर्णांक सुटले. पुढे मोठेपणी कुठलाही अवघड प्रश्न समोर आला की त्याचे हाताळता येतील एवढे तुकडे करायचे, ही सवय आपल्याला त्या सफरचंदांनी लावली असं तो मानत असे. तो ११ वर्षांचा असताना आई गेली.

१८९३ च्या मंदीने शेतीचं कंबरडं मोडलं. कॉलेजचा विचारही करता येणार नाही अशी परिस्थिती. विलिसने शेतावर राबून, दूध काढून, गावच्या शाळेत मास्तरकी करून काही वर्षं काढली. मग बफेलो शहरात नातेवाइकांकडे राहून शिक्षण पुरं केलं आणि शिष्यवृत्ती मिळवून कॉर्नेल विद्यापीठ गाठलं. तिथेही लोकांच्या अंगणातलं गवत काप, खानावळीत वाढ, मुलांच्या धुण्याचे कपडे गोळा करून लाँड्रीत पोचव, असे उद्योग करून खर्च भागवला. १९०१ मध्ये पदवी घेऊन तो बाहेर पडला. शिक्षण विजेच्या यंत्रांचं होतं. हवेशी त्याचा तोवर काडीचा संबंध नव्हता.

आठवड्याला १० डॉलर

पहिली नोकरी मिळाली बफेलो फोर्ज कंपनीत. पगार आठवड्याला १० डॉलर. कंपनी पंखे, ब्लोअर आणि गरम हवेची यंत्रणा बनवायची. वाफेने तापवलेल्या नळ्यांच्या जुडग्यावरून पंख्याने हवा ढकलायची आणि ती गरम हवा लाकूड किंवा कॉफी वाळवायला, नाहीतर कारखाना उबदार ठेवायला वापरायची.

नव्या पोराला अशीच यंत्रणा आखायला दिली गेली. त्याने आकडे मागितले. एवढ्या वेगाने हवा, एवढ्या नळ्या, वाफ एवढी गरम, तर पलीकडून निघणारी हवा किती अंशांनी तापलेली असेल? उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग इतकी वर्षं धंदा चालला कसा? अंदाजाने. मागच्या गिऱ्हाइकाला एवढं बसवलं होतं, याला थोडं जास्त बसवू, म्हणजे तक्रार यायला नको. कमी पडलं तर गिऱ्हाईक ओरडणार, जास्त झालं तर नळ्यांचा, पंख्याचा, कोळशाचा खर्च वाया. आणि जास्तच व्हायचं, कारण भीती कमी पडण्याची असायची.

कॅरिअरने नोकरीचं काम सांभाळून मोजायला सुरुवात केली. नळ्यांवरून ठरावीक वेगाने हवा सोडायची, आधीचं तापमान घ्यायचं, नंतरचं घ्यायचं. वेग बदलायचा, पुन्हा मोजायचं. नळ्यांच्या रांगा वाढवायच्या, पुन्हा मोजायचं. यातून जी कोष्टकं तयार झाली त्यांच्या जोरावर हीटर विकत बसणाऱ्या कंपनीला आधीच सांगता येऊ लागलं, की हे यंत्र इतकी हवा इतक्या अंशांनी तापवेल. ठोकताळ्याची जागा आकड्याने घेतली.

मालकांना विज्ञानात किती रस होता माहीत नाही, पण हिशेबवहीत नक्कीच होता. एका हिवाळी हंगामातच या कोष्टकांमुळे कंपनीचे सुमारे ४०,००० डॉलर वाचले. आठवड्याला १० डॉलर घेणाऱ्या माणसाने ते वाचवले होते. कंपनीने त्याच्या हाती प्रयोगशाळाच सोपवली. याच काळात कंपनीच्या न्यूयॉर्क कचेरीत विक्री सांभाळणाऱ्या आर्विन लाइलशी त्याची ओळख घट्ट झाली. लाइल कामं आणायचा, कॅरिअर ती सोडवायचा. ही जोडी पुढे चाळीसेक वर्षं टिकली.

कागद फुगतो, रंग सरकतो

१९०२ च्या उन्हाळ्यात लाइलने आणलेलं काम हीटरचं नव्हतं. ब्रुकलिनमधल्या सॅकेट अँड विल्हेल्म्स या छापखान्यात रंगीत मासिकं छापली जायची. तेव्हाची रंगीत छपाई म्हणजे एकच कागद एकेका रंगासाठी पुन्हापुन्हा यंत्रातून काढायचा. पण न्यूयॉर्कच्या दमट उन्हाळ्यात कागद हवेतली ओल पिऊन फुगायचा आणि हवा कोरडी झाली की आकसायचा. काल लाल रंग जिथे बसला तिथे आज पिवळा बसेना. चेहऱ्याच्या बाहेर ओठ अशी चित्रं निघायची. मागचे दोन उन्हाळे याच त्रासात गेले होते.

म्हणजे बघा, जगातल्या पहिल्या आधुनिक एसीचा विचार झाला तो माणसांसाठी नव्हे, कागदासाठी.

हवा थंड करणं ही त्या काळीही नवलाई नव्हती. बर्फ बनवणारी यंत्रं होती. त्याच सुमारास आल्फ्रेड वुल्फ नावाचा अभियंता न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराच्या इमारतीसाठी मोठी कूलिंग यंत्रणा आखत होता. ब्रुकलिनची मागणी वेगळी होती. त्यांना गारवा नको होता, हवेतलं पाणी ठरावीक हवं होतं. हिवाळ्यात २१ अंश सेल्सिअस, उन्हाळ्यात २७ अंश आणि बारा महिने सापेक्ष आर्द्रता ५५ टक्के.

कॅरिअरने आधी वेगळाच प्रयोग करून पाहिला. गोणपाटाचा लांब पट्टा कॅल्शियम क्लोराइडच्या खारट द्रावणात भिजवून फिरवत ठेवायचा आणि त्यातून हवा काढायची. ते मीठ ओल शोषून घेतं. हवा कोरडी झाली खरी, पण ती खारट द्रावणाचे कण बरोबर घेऊन निघाली. अशा हवेत लोखंडाला गंज चढायला किती वेळ लागणार? पट्टा बाजूला पडला.

मग तो आपल्या ओळखीच्या नळ्यांकडे वळला. त्यांत वाफेऐवजी थंड पाणी सोडलं तर? थंड पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवला की बाहेरून घाम येतो, तसं हवेतलं पाणी नळ्यांवर जमेल आणि टिपकून जाईल. किती जमेल, ते नळ्या किती थंड आहेत यावर ठरणार. अमेरिकी हवामान खात्याची दवबिंदूची कोष्टकं त्याने पुढ्यात घेतली, हवं तेवढंच पाणी हवेत राहील असं तापमान निवडलं आणि त्यावरून नळ्या आणि हवेचा प्रवाह यांचा हिशेब मांडला. १७ जुलै १९०२ ही तारीख त्या आराखड्यांवर आहे. नळ्यांच्या दोन जुड्या होत्या. एकीत विहिरीचं थंड पाणी, दुसरीला अमोनियाच्या यंत्राचा आधार. सगळी मिळून क्षमता दिवसाला १,०८,००० पौंड बर्फाइतकी. टनात ५४.

जिथे साधा गुणाकार तोकडा पडतो

इथे थोडं थांबून आकडेमोड करू, कारण कॅरिअरच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथे आहे.

समजा एक टनाचा एसी आहे. त्यातून सेकंदाला साधारण ०.१९ घनमीटर हवा जाते आणि ती ११ अंश सेल्सिअसने थंड होऊन बाहेर पडते. एक घनमीटर हवेचं वजन समुद्रसपाटीला साधारण १.२ किलो. एक किलो हवा एक अंशाने गार करायला एक किलोज्यूल उष्णता काढावी लागते. गुणाकार करा: ०.१९ गुणिले १.२ गुणिले ११. उत्तर अडीच किलोवॅट.

पण एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. मग एक किलोवॅट गेला कुठे? यंत्र खराब? कंपनीने फसवलं?

तो एक किलोवॅट एसीच्या मागच्या नळीतून बादलीत टपकतोय. हवेतली वाफ नळ्यांवर पाणी होऊन जमते, तेव्हा तिच्यातली अप्रकट उष्णता यंत्राला ओढून घ्यावी लागते. थर्मामीटरला यातलं काही दिसत नाही. एक किलोवॅट म्हणजे तासाला साधारण दीड लिटर पाणी. दमट दिवशी एसीखाली ठेवलेली बादली भराभर का भरते, त्याचं उत्तर हेच. म्हणून फक्त तापमानातला फरक बघून यंत्राची क्षमता ठरवली तर कोरड्या गावात उत्तर बरोबर येतं आणि समुद्राकाठी चुकतं. हीटरच्या बाबतीत अशी फसगत होत नाही, कारण तापवताना हवेतलं पाणी आहे तेवढंच राहतं. कॅरिअरची पहिली कोष्टकं हीटरची होती, म्हणून ती साध्या गुणाकारावर चालून गेली. ब्रुकलिनला ते पुरणार नव्हतं.

धुक्यात सापडलेलं उत्तर

ब्रुकलिनचं काम करून कॅरिअरचं समाधान झालेलं नव्हतं. नळ्यांवर ओल जमवणं ही त्याला अवजड आणि बेभरवशाची पद्धत वाटत होती. त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर तो पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर रात्री गाडीची वाट बघत होता. थंडी मरणाची आणि धुकं दाट. येरझारा घालता घालता त्याच्या मनात आलं, की ही हवा पाण्याने पूर्ण भरलेली आहे, शंभर टक्के. तरीही तिच्यात पाणी फार थोडं आहे, कारण ती थंड आहे. म्हणजे हवा ठरावीक तापमानाला नेऊन पूर्ण भिजवली, की तिच्यात पाणी किती हे आपोआप पक्कं होतं. मग ती तापवली की ती कोरडी.

हवा कोरडी करायची तर तिच्यात पाणी फवारायचं! ऐकायला उलटं वाटतं, आणि सहकाऱ्यांनाही तसंच वाटलं. पण हिशेब चोख आहे. छापखान्याला २७ अंशांना ५५ टक्के आर्द्रता हवी ना? मग १७ अंशांच्या थंड पाण्याचे फवारे सोडा आणि त्यातून हवा काढा. ती १७ अंशांना गच्च भरलेली बाहेर पडेल, जास्तीचं पाणी फवाऱ्यातच राहील. पुढे खोलीतल्या यंत्रांच्या आणि माणसांच्या उष्णतेने ती २७ अंशांवर आली, की आर्द्रता बरोबर ५५ टक्क्यांच्या आसपास. धूळ धुतली जाते तो फायदा वेगळा. नळ्यांचा पृष्ठभाग किती, हा प्रश्नच उरला नाही, कारण पाण्याचा प्रत्येक थेंब हाच पृष्ठभाग.

या यंत्राचं पेटंट त्याने १९०४ मध्ये मागितलं आणि २ जानेवारी १९०६ रोजी ते मिळालं. पेटंटमध्ये एअर कंडिशनिंग हा शब्द नव्हता. तो शब्द त्याच वर्षी स्टुअर्ट क्रेमर या शार्लटच्या कापड गिरणीवाल्या अभियंत्याने चालवला. कॅरिअरने पुढे तो आपल्या कंपनीच्या नावातच घेतला.

गिरण्यांनीच कॅरिअरला पुढचा धडा दिला. सूतकताईत हवा दमट लागते, कोरड्या हवेत धागा तुटतो. त्याने दक्षिणेतल्या एका गिरणीसाठी हिशेब मांडायला घेतला तेव्हा लक्षात आलं, की उन्हापेक्षा आणि माणसांपेक्षा चात्याच जास्त उष्णता ओकतायत. यंत्रांना पुरवलेली शक्ती शेवटी उष्णता होऊन हवेतच उतरते. म्हणजे ती वाहून न्यायला किती हवा लागेल, ते चात्या ठरवणार. पुन्हा तोच गुणाकार, फक्त उलट्या बाजूने. उष्णता माहीत आहे, तापमानात किती फरक चालेल तेही माहीत आहे, हवा किती ते काढा.

हे करताना त्याला आणखी एक गोष्ट सापडली. खोलीचं तापमान आणि दवबिंदू यांच्यातला फरक कायम ठेवला, तर सापेक्ष आर्द्रता जवळजवळ कायम राहते. वरचेच आकडे घेऊन पडताळता येतं. २७ अंशांना ५५ टक्के आर्द्रता हवी तर दवबिंदू १७ च्या थोडा वर. २१ अंशांना तेवढीच हवी तर साडेअकराच्या आसपास. दोन्हीकडे फरक साडेनऊ-दहा अंशांचा. म्हणजे नाजूक आर्द्रतामापक सांभाळत बसायला नको, दोन थर्मामीटरांवर गिरणी चालवता येते.

१९११: एका तक्त्यावर सगळी हवा

डिसेंबर १९११ मध्ये अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात, न्यूयॉर्कला, कॅरिअरने एक निबंध वाचला. वय ३५. नाव रुक्ष होतं, रॅशनल सायक्रोमेट्रिक फॉर्म्युली. हवा आणि तिच्यातलं पाणी यांची सूत्रं, एवढाच त्याचा अर्थ. फलाटावरच्या त्या रात्रीपासून डोक्यात जे शिजत होतं ते सगळं यात उतरलं होतं.

गाभा असा: हवेतली उष्णता दोन खिशांत असते. एक थर्मामीटरला दिसणारा, दुसरा वाफेत लपलेला. बाहेरून उष्णता न घेता, न देता कोरडी हवा पाण्यावरून गेली, तर पहिल्या खिशातून जेवढं जातं तेवढंच दुसऱ्यात जमा होतं. तापमान उतरतं, एकूण बेरीज तीच राहते. विदर्भातल्या वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरचं हेच तत्त्व. मे महिन्यात नागपूरला तो खोली गार करतो, पण उष्णता खोलीबाहेर काढत नाही, फक्त खिसा बदलतो. आणि मुंबईत दुसरा खिसा आधीच भरलेला असल्यामुळे तिथे त्याची मात्रा चालत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर का कामाचा, तेही यातून कळतं. साधा थर्मामीटर एक खिसा दाखवतो, ओला थर्मामीटर दोन्हींच्या बेरजेचा अंदाज देतो.

निबंधासोबत तक्ता होता. आडव्या रेषेवर तापमान, वर हवेतलं पाणी, मधून वळत जाणाऱ्या आर्द्रतेच्या रेषा. आत येणाऱ्या हवेचा एक बिंदू, बाहेर पडणाऱ्या हवेचा दुसरा. दोन्ही बिंदूंची एकूण उष्णता वाचा, वजाबाकी करा, हवेच्या प्रवाहाने गुणा. यंत्राची खरी क्षमता हातात, बादलीतल्या पाण्यासकट. आज कॉम्प्युटरवर हे काम चुटकीसरशी होतं, पण वातानुकूलन शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पुढ्यात पहिल्या वर्षी येतो तो तक्ता याच घराण्यातला आहे.

पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, त्याची पत्नी एडिथ वारली. कामाच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस घरात विलक्षण विसरभोळा होता. एकदा कामासाठी दौऱ्यावर निघाला, मुक्कामी पोचून भलीमोठी बॅग उघडली तर आत फक्त एक रुमाल, असा किस्सा त्याच्याबद्दल सांगितला जातो.

सात जण आणि ३२,६०० डॉलर

१९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटलं आणि बफेलो फोर्जने हात आखडते घेतले. पंखे आणि हीटर बनवू, ही हवेची अभियांत्रिकी बंद करू, असं ठरलं. यश मिळत असताना पायाखालची जमीन सरकली. लाइल आणि कॅरिअर स्वस्थ बसले नाहीत. सात अभियंत्यांनी आपली पुंजी एकत्र केली, ती भरली ३२,६०० डॉलर. २६ जून १९१५ रोजी कॅरिअर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन उभी राहिली. सुरुवातीला त्यांच्याकडे स्वतःचा कारखानाही नव्हता. विकायला होते ते आकडे, आणि त्या आकड्यांची हमी.

हमी हा शब्द इथे महत्त्वाचा. यंत्रणा बसवल्यावर त्यांना प्रवाह, तापमान आणि आर्द्रता मोजून दाखवावी लागे. ज्याला आपल्या गुणाकारावर विश्वास नाही त्याने असा करार करू नये.

माणसांच्या सुखासाठी एसी मोठ्या प्रमाणावर आला तो १९२० च्या दशकात, आणि त्यात एक अडचण होती. तोवरची कूलिंग यंत्रं अवाढव्य होती आणि त्यांत बहुधा अमोनिया असायचा. गळती झाली तर विषारी. हजारो माणसांच्या डोक्याखाली तळघरात ते कोण ठेवू देईल? १९२२ मध्ये कॅरिअरने सेंट्रिफ्युगल पद्धतीचं नवं यंत्र पुढे आणलं. आकाराने लहान, अमोनिया नाही.

थिएटरचं गणित त्याच्या आवडीचं असणार. एक माणूस नुसता बसून असला तरी साधारण १०० वॅट उष्णता टाकतो, त्यातला काही भाग घाम आणि श्वासातून, म्हणजे लपलेल्या खिशात. दोन हजार प्रेक्षक म्हणजे २०० किलोवॅट, सुमारे ५७ टन. ब्रुकलिनच्या अख्ख्या छापखान्याला जी यंत्रणा लागली होती, तेवढी नुसत्या प्रेक्षकांच्या अंगाच्या उष्णतेला.

पण क्षमता पुरेशी असूनही लोक वैतागू शकतात. आधीच्या थिएटरांत थंड हवा जमिनीतल्या झडपांतून यायची. पाय गारठायचे, डोक्याला घाम तसाच. तीच क्षमता दोन प्रकारे देता येते, थोडी हवा खूप थंड करून किंवा जास्त हवा जरा कमी थंड करून. गुणाकार सारखाच, अंगाला लागताना फरक जमीन-अस्मानाचा. कॅरिअरच्या माणसांनी थंड कोरड्या हवेत थिएटरातलीच थोडी हवा परत मिसळली आणि ती छतातून हळूच खाली सोडली.

१९२५ च्या मे अखेरीस न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या रिव्होली थिएटरात याची परीक्षा झाली. पॅरामाउंटचा सर्वेसर्वा अडॉल्फ झुकोर स्वतः वर बाल्कनीत येऊन बसला होता. बाहेर उन्हाळा, दारं उघडली तेव्हा यंत्र नुकतंच सुरू झालेलं, त्यामुळे आत उकाडा. सवयीप्रमाणे लोक हातपंखे घेऊन आले होते, शेकडो पंखे हलत होते. कॅरिअर आणि सहकारी मागे उभे राहून घामाघूम होत बघत होते. हळूहळू एक पंखा थांबला, मग दुसरा. काही वेळाने सगळे मांडीवर विसावले. त्यानंतर उन्हाळ्यात ओस पडणारी अमेरिकी थिएटरं उन्हाळ्यातच भरू लागली. १९२८ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृह आणि १९२९ मध्ये सिनेटचं सभागृह थंड झालं.

मग महामंदी आली. १९३० मध्ये कंपनीचं दुसऱ्या दोन कंपन्यांशी विलीनीकरण होऊन कॅरिअर कॉर्पोरेशन झाली, तीही जेमतेम तग धरून राहिली. १९३७ पर्यंत विखुरलेलं कामकाज सिराक्यूज शहरात एकवटलं.

शेवटचं मोठं गणित

दुसऱ्या महायुद्धात क्लीव्हलँडला एक अजब बोगदा बांधला जात होता. विमानाची इंजिनं जमिनीवरच तपासायची, पण हवा आभाळातल्यासारखी हवी: विरळ, वेगवान आणि उणे ४० अंश सेल्सिअसच्याही खाली थंड. खोलीत सेकंदाला पाव घनमीटर हवा पुरते. इथे बोगदाभर हवा ताशी शेकडो मैलांच्या वेगाने फिरणार, वर आत इंजिन धडधडत असणार. सूत्र तेच, पण हवेच्या प्रवाहाचा आकडा एवढा मोठा की उत्तर ऐकून माणूस हबकावा. नेहमीच्या पद्धतीने नळ्या बसवल्या तर बोगद्यात त्या मावणारच नाहीत. तोडगा निघाला तो नळ्यांच्या जुड्या सरळ भिंतीसारख्या न लावता पंखा मिटावा तशा घड्या घालून बसवण्याचा. तेवढ्याच जागेत पृष्ठभाग कितीतरी वाढला आणि हवेला अडथळाही कमी झाला. आयुष्यभराच्या कामांत कॅरिअरला या बोगद्याचा अभिमान फार होता.

हृदयविकाराने गाठल्यावर १९४८ मध्ये तो निवृत्त झाला. ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचं निधन झालं, तेव्हा अमेरिकेतही घरात एसी असणं ही चैनच होती. त्याला बफेलोतल्या फॉरेस्ट लॉन दफनभूमीत पुरलं आहे, ज्या शहरात ४९ वर्षांपूर्वी त्याने वाफेच्या नळ्यांसमोर थर्मामीटर धरला होता.